घटपर्णीचा उपास

“टीचर चांगल्या आहेत गं, पण काय बोलतात ते ऐकूच येत नाही.”

“पुढच्या बाकावर बस ना मग. तिथे थोडं थोडं येतं.”

“थोडं थोडं यायला काय रेडिओ आहे का!”

जिन्याच्या वळणावर दोघी खिदळल्या. मी त्यांच्या मागेच होते, हातात कुंडी घेऊन. मागे कोणी आहे हे त्यांना माझ्या पावलांवरून कळायला हवं होतं, पण तोही आवाज होत नसावा. त्या वर्गात शिरेपर्यंत मी तिथेच थांबले आणि मग वर गेले. वाईट वाटलं, पण त्या खोटं बोलत नव्हत्या.

भाईंदर पूर्वेला केबिन रोडच्या एका गल्लीत ही मराठी माध्यमाची शाळा आहे. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या एका शिक्षिकेच्या जागी मला सातवीच्या विज्ञानासाठी घेतलं होतं. वर्गाच्या खिडक्या रस्त्यावर उघडतात. खाली रिक्षांचे हॉर्न, भाजीवाल्यांची हाळी, कुठल्या तरी दुकानाचं शटर. या सगळ्यावर आवाज चढवून शिकवायचं असतं हे मला बीएस्सीला कोणी शिकवलं नव्हतं.

मी स्वतः इंग्रजी माध्यमात शिकले. तिथे न बोलणाऱ्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावर ‘वेल बिहेव्ड’ असा शेरा यायचा आणि आईबाबा खूश व्हायचे. आमच्या घरात तसंही कोणी मोठ्याने बोलत नाही. परळहून इथल्या इंद्रलोक वसाहतीत राहायला आल्यावर शेजारच्या काकूंनी कितीतरी दिवसांनी आईला विचारलं होतं, “तुमच्याकडे मुलगी आहे? मला वाटलं दोघंच राहता.”

मुख्याध्यापिका मॅडमचं अगदी उलट. त्या तळमजल्यावर बोलल्या की तिसऱ्या मजल्यावरची मुलं सरळ बसत. त्यांनी मला दिवाळीनंतर बोलावून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, “बाई, रजेवरच्या बाई काही परत येत नाहीत, असं दिसतंय. जागा कायमची रिकामी होईल. पण शेवटच्या बाकावर काय पोहोचतं त्यावरून मी शिक्षक ओळखते. नाताळच्या सुट्टीआधी तुमचा एक तास मी मागे बसून बघणार. मग ठरवू.”

ती जागा मला हवी होती. का हवी होती ते कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं. एवढंच की त्या वर्गातला गोंगाट मला आवडायचा. मी स्वतः करत नाही ते सगळं ती मुलं दिवसभर करत असायची.

पुस्तकात कीटकभक्षी वनस्पतींवर जेमतेम एक परिच्छेद आणि दोन चित्रं आहेत. मॅडमच्या तासासाठी मी तोच भाग निवडला, कारण कॉलेजात असताना मला त्या वनस्पतींचं वेड होतं, आणि दुसरं म्हणजे वर्गात एखादी वस्तू असली की लोक आपल्याकडे न बघता तिच्याकडे बघतात. नर्सरीवाल्याकडे घटपर्णी होती. चांगल्या लांब पानांची, प्रत्येक मोठ्या पानाच्या टोकाला एक सुरईसारखा घट लोंबत असलेली. “ले जाओ मॅडम, मच्छर खाता है,” तो म्हणाला. “कॉइल का खर्चा बचेगा.”

तर मॅडमच्या तासाच्या बरंच आधी, मुलांना झाडाची ओळख व्हावी म्हणून, ती कुंडी मी टेबलावर ठेवली आणि शिकवायला सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं झाली असतील, मागून एक बाक सरकल्याचा आवाज आला, मग आणखी एक, आणि बघता बघता अर्धा वर्ग टेबलाभोवती. कोणी परवानगी मागितली नाही. मला त्यांना जागेवर बसवता आलं असतं असं नाही, पण मी प्रयत्नही केला नाही. इतक्या जवळ आल्यावर त्यांना मी ऐकू येत होते.

“टीचर, झाकण कधी बंद होणार?”

“होत नाही. ते पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून असतं. छत्री.”

“मग मुंगी पळून का जात नाही?”

“कारण ही जी कडा आहे ना, तिच्यावर मधासारखा रस असतो. मुंगी तो खायला येते. आणि कडा एकदम...” मला शब्द सुचेना. स्लिपरी हा एकच शब्द डोक्यात फिरत होता. मी हाताने घसरल्याची खूण केली.

“निसरडी,” पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली. अगदी माझ्याच आवाजात, कोणाला कळू नये असं. ती त्यानंतरही हे करत राहिली. मी अडखळले की खाली वहीत बघत शब्द पुढे सरकवायची. मी तिचे आभार मानले नाहीत, कारण मग ते सगळ्यांना कळलं असतं. पण घरी जाताना ते शब्द मी मनात म्हणत जायचे. निसरडी. पाझरणं. कुजणं. लव.

मग मुद्द्याचा प्रश्न आला, एका दांडगट मुलाकडून.

“टीचर, म्हणजे हे नॉनव्हेज आहे?”

“म्हणजे... हो. एका अर्थी.”

“मंगळवारी पण खातं?”

“अरे ए, झाडाला कसला मंगळवार!”

“का? रविवारी तुळस तोडत नाहीत. संध्याकाळी झाडाला हात लावत नाहीत, ते झोपतं म्हणून. झाडाला वार नसतो कसा?”

दोघातिघांनी माना डोलावल्या. त्याची कॉलर थोडी वर झाली.

शेवटी मी सांगितलं की या झाडाला आपण काहीही भरवायचं नाही, त्याचं ते बघून घेतं. हे मी नक्की सांगितलं. पण तोपर्यंत घंटा झाली होती, मुलं परत बाकांकडे पळत होती आणि खाली कोणाची तरी रिक्षा अडकली होती.

कुंडी खिडकीत राहिली. तिला शाळेच्या नळाचं पाणी चालणार नव्हतं. टँकरच्या पाण्यात क्षार फार, आणि या झाडाला ते सोसत नाहीत. मी घरी हे नुसतं बोलून गेले होते. दुसऱ्या दिवशी बघते तर बाबांनी आमच्या एसीच्या नळीखाली बादली लावली होती. एसीचं पाणी म्हणजे हवेतलीच वाफ, त्यात क्षार नसतात. खालच्या मजल्यावरचे काका त्या ठिबकणाऱ्या पाण्यावरून कधीपासून भांडत होते, “हमारे कपडे पे गिरता है,” म्हणून. ते भांडणही मिटलं. हिवाळ्यात आम्ही एसी लावत नाही, पण त्या महिन्यात बाबा दुपारी थोडा वेळ लावायचे आणि स्वेटर घालून पेपर वाचत बसायचे. सकाळी माझ्या पिशवीत भरलेली बाटली असायची.

वर्गात मात्र घटपर्णीची बडदास्त सुरू झाली. मधल्या सुट्टीत मुलं मुंग्या पकडून आणायची. मी हळूच “नको” म्हणायचे, ते जवळच्या दोघातिघांना ऐकू जायचं आणि चौथा मुंगी टाकायचा. मग मार्गशीर्ष लागला आणि मी सुटले. एका सकाळी कुंडीत काडीला लावलेला पुठ्ठा दिसला, त्यावर स्केचपेनने सुबक अक्षरात: ‘मार्गशीर्ष पाळतो. कृपया मुंग्या टाकू नये.’

“टीचर, आमच्याकडे महिनाभर फ्रीजमध्ये अंडंपण येत नाही,” दांडगट मुलाने समजावलं. “आपण पाळायचं आणि त्याला खायला घालायचं, बरं दिसत नाही.”

“वर्गाने हात वर करून ठरवलंय,” कोणीतरी म्हणालं.

मला हसू आलं आणि बरंही वाटलं. जे मला जमलं नव्हतं ते मार्गशीर्षाने केलं होतं. मी पुठ्ठा तसाच राहू दिला.

वर्गात उत्तनची एक मुलगी होती. तिची आई केबिन रोडला मासळी विकते, म्हणून ते इकडे राहायला आलेले. त्यांच्या घरी नाताळची तयारी चाललेली. हात वर करण्याच्या वेळी तिने केला नव्हता, हे मी पाहिलं होतं. ती जाता-येता कुंडीपाशी रेंगाळायची आणि घटात डोकावायची. मला वाटलं, आवड आहे.

तासाच्या आदल्या आठवड्यात वर्गात वास यायला लागला. आधी सौम्य. मुलं एकमेकांच्या मोज्यांना नावं ठेवत होती. मग उंदीर मेला असेल म्हणून कपाट सरकवून झालं. मॅडमच्या तासाच्या सकाळी मी खिडकीपाशी गेले तर सगळ्यात मोठा घट, जो मी दाखवणार होते, तपकिरी पडून एका बाजूला लुळा झाला होता. वास त्यातूनच येत होता. मी आत डोकावले आणि लगेच मागे सरले. मुंग्या सडल्याचा वास असा नसतो.

घंटा झाली. मॅडम आल्या, “मी नाहीच असं समजा, बाई,” म्हणाल्या आणि शेवटच्या बाकावर दोन मुलींना सरकवून बसल्या. मग नाकाला पदर लावला.

मी फळ्यावर आकृती काढून वेळ मारून न्यावी असं ठरवलं होतं. खडू हातात घेतला. पाठ वर्गाकडे असताना मी एक वाक्य बोलले आणि मलाच कळलं की ते फळ्यापलीकडे गेलं नाही. मागे कोणीतरी खोकलं. मी वळले. सगळी मुलं माझ्याकडे नाही, कुंडीकडे बघत होती. एरवी त्या वर्गात न बघण्यासारखी वस्तू असली की त्यावर आधी दहा विनोद होतात. त्या दिवशी एकही नाही. पहिल्या बाकावरची माझी शब्द पुरवणारी मुलगी मान खाली घालून बसली होती.

मी खडू खाली ठेवला. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, घट देठापासून कापला आणि हस्तकलेच्या कात्रीने वरपासून खालपर्यंत उभा चिरला.

मुलं उठली. पहिल्या दिवसासारखीच, कोणालाही न विचारता. नाक दाबून, एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून सगळी टेबलाभोवती जमली. शेवटच्या बाकावर मॅडम एकट्याच राहिल्या.

“ई! साबुदाणा!”

खरंच होता. फुगून मोठे झालेले, बुरशीची पांढरी लव आलेले साबुदाण्याचे दाणे, आणि दाण्याचा कूट.

पहिल्या बाकावरच्या मुलीचा चेहरा लाल झाला. “संकष्टीला,” ती म्हणाली. “माझा उपास होता. त्याला मुंग्या बंद केल्या, मग खाणार काय? उपासाचं चालतं ना, म्हणून एकच चमचा घातला.”

“एकच?” कोणीतरी विचारलं.

“रोज थोडी ना! संकष्टीला एक, आणि दोन गुरुवारी एकेक.”

हशा झाला, पण तो लगेच थांबला, कारण उत्तनच्या मुलीने खालच्या काळपट गाळात बोट दाखवलं होतं.

“ती सुकट माझी हाय, टीचर.”

“ए! मार्गशीर्षात?” दांडगट मुलगा ओरडला.

“आमच्यात कुठं हाय मार्गशीर्ष!” तीही चढ्या आवाजात म्हणाली. “तुम्ही सगल्यांनी हात वर करून त्याला उपाशी ठेवलंत. माझी आई बोलते, दारातल्या मांजरीला पन उपाशी ठेवायचं न्हाय. म्हनून मी आनायची डब्यातून.”

“म्हणजे उपासाचं पण खाल्लं आणि सुकट पण! मज्जा आहे बाबा याची.”

“म्हणूनच मेलं ते.”

“मेलं नाहीये,” मी म्हणाले. “हा एक घट गेलाय. झाड जिवंत आहे.”

मी टाचणीने एकेक वस्तू बाजूला काढायला लागले. मुंग्यांची फक्त टरफलं, आत काही नाही. सुकटीचंही तसंच, वरची सालं कागदासारखी पातळ राहिलेली आणि आतलं मांस गायब. साबुदाणा मात्र जसाच्या तसा, उलट फुगलेला.

“आता सांगा, याने काय खाल्लं आणि काय नाही?”

“सुकट खाल्ली!” उत्तनची मुलगी लगेच म्हणाली.

“साबुदाणा टाकला तसाच आहे,” पहिल्या बाकावरची म्हणाली. तिचा आवाज पडला होता.

“का?”

कोणी म्हणालं त्याला आवडला नसेल, कोणी म्हणालं शेंगदाणे बाधले. मग मी सांगितलं की घटातल्या रसाला प्रथिनं विरघळवता येतात. साबुदाणा म्हणजे पिष्ट, त्याचं हे झाड काही करू शकत नाही. त्यात पडून तो फक्त कुजला. आणि सुकटही इतकी झाली की रस पुरला नाही, म्हणून तीही कुजायला लागली आणि तिच्यातलं मीठ रसात उतरलं.

“मग टीचर, पोट कशाने भरतं याचं?” दांडगट मुलाने विचारलं. “दोन मुंग्यांनी?”

मी कुंडी उचलली आणि पानं दाखवली. हिरवी, रुंद, अजून टवटवीत. “ही पानं कशाला आहेत?”

सगळ्यांना एकदम कळलं, हे मी पाहिलं. तेच तर ती आधीच्या धड्यात शिकली होती. ऊन, पाणी, हवा. हे झाड इतर झाडांसारखाच स्वतःचा स्वयंपाक स्वतः करत होतं. ते जिथे उगवतं तिथल्या जमिनीत नायट्रोजन फार कमी, तेवढा तो किड्यांकडून घेतं.

“म्हणजे पोटासाठी नाही,” पहिल्या बाकावरची मुलगी सावकाश म्हणाली. “माझ्या आजोबांच्या ताकदीच्या गोळ्या असतात तसं.”

“तसंच. अगदी तसंच.” पुस्तकात हे इतकं चांगलं लिहिलेलं नाही.

“मग ते उपाशी नव्हतंच?” उत्तनच्या मुलीने विचारलं.

“नव्हतं. एक दिवसही नाही.”

ती आणि साबुदाणावाली एकमेकींकडे बघून हसल्या. या दोघी त्याआधी एका बाकावर बसल्याचं मला आठवत नाही.

पुढचं इथेच सांगून टाकते. जूनमध्ये त्या जागेवर मला ठेवलं. मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की आवाज अजून लहानच आहे, तो वाढवा, आणि वर्गात दुर्गंधीयुक्त वस्तू आणण्याआधी कल्पना देत जा. झाडही जगलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते आमच्या गॅलरीत होतं आणि बाबांच्या देखरेखीखाली त्याला दोन नवे घट आले. ती मुलं आता पुढच्या वर्गात आहेत आणि जिन्यात भेटली की “टीचर, जेवलं का ते?” असं विचारतात.

मी बरेचदा विचार करते की त्या दोघींनी मला न विचारता डब्यातलं काढून झाडाला घातलं नसतं, तर मी नीट आकृती काढून, नीट व्याख्या सांगून तो तास घेतला असता आणि शेवटच्या बाकापर्यंत काहीच पोहोचलं नसतं. त्यांची चूक ही मला त्या शाळेत मिळालेली पहिली भेट होती. मला शब्द मिळाले ते एका मुलीकडून, प्रश्न मिळाला तो दुसरीकडून, आणि दोघींनी दिलं ते अशासाठी की कोणी आपल्यासमोर उपाशी आहे हे त्यांना बघवत नव्हतं. माझ्या शाळेत आम्हाला झाडांबद्दल पुष्कळ शिकवलं, पण एखाद्या झाडाची अशी काळजी कोणी केलेली मी पाहिली नव्हती.

पण हे सगळं मागाहून. त्या वेळी मी हे काहीही मनात आणलं नव्हतं. टाचणीच्या टोकावर सुकटीचं एक पारदर्शक साल होतं, ते मी खिडकीच्या उजेडात धरलं होतं, आणि त्यातून पलीकडचं दिसतं का ते बघायला मुलं एकमेकांना ढकलत होती. मॅडम तास बघायला आल्या आहेत, आज माझं काय ते ठरायचंय, हे मी विसरले होते. खाली भाजीवाला मेथी मेथी ओरडत होता. तेवढ्यात मागून, सगळ्या माना आणि पाठींच्या पलीकडून, तो तीन मजले ऐकू येणारा आवाज आला.

“बाई, अहो, मला इथून काही दिसत नाहीये!”

काही मुलं आपोआप बाकांकडे वळली. मी टाचणी खाली केली नाही. वर्गाच्या त्या टोकापर्यंत, खालच्या मेथीवाल्याच्या वरून, मी म्हणाले:

“तिथून नाही दिसणार, मॅडम. पुढे या ना, इथे जागा आहे!”